वरनं

विश्रामने प्लॅस्टिकच्या कव्हरातून कागद बाहेर काढला, सगळ्यांना दिसावा म्हणून डोक्याच्या वर धरला, आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या वैष्णवीने स्वतःचं अक्षर ओळखलं.

अनुस्वाराचा ठिपका न देता तिथे छोटंसं गोल काढायची तिची तेव्हाची खोड. सहावीत वर्गातल्या निम्म्या मुली तशीच गोलं काढायच्या आणि मराठीच्या बाई वही परत देताना विचारायच्या, हे अक्षर आहे की साबणाचा फेस? नववी संपेपर्यंत त्या गोलांचे ठिपके झाले होते. पण त्या कागदावर ती सगळी होती, जशीच्या तशी, फुगलेली, खूश.

पार्किंगमध्ये मोठा उभा पंखा लावला होता. त्याचं तोंड विश्रामकडे वळलं की कागद फडफडायचा, पुढे गेलं की मान टाकायचा. एप्रिलमधल्या रविवारच्या सकाळी दहालाच अठरा मजल्यांची माणसं खुर्च्यांवर बसून रुमालाने मानेवरचा घाम टिपत होती, आणि सभेचा विषयही तोच होता.

इमारतीचं नाव ‘वातायन’. पिरंगुटचा घाट उतरताना ती लांबूनच दिसायची. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘एसी विसरा’ असं छापलेलं होतं. कल्पना सांगायला सोपी होती. पश्चिमेची भिंत जवळजवळ आंधळी ठेवायची, म्हणजे दुपारचं ऊन आत शिरणार नाही. उत्तरेच्या भिंतीत प्रत्येक मजल्यावर उभ्या जाळ्या. त्यांतून संध्याकाळचा वारा घरात येणार, घरातली तापलेली हवा मधल्या उंच पोकळीत ढकलणार, आणि ती पोकळी धुराड्यासारखी सगळी गरम हवा गच्चीवरून बाहेर सोडणार. वीज निम्मीच लागणार. हे सगळं आर्किटेक्ट निषादने आखलं होतं. त्याच्या चित्रातले निळे बाण शहाण्या मुलांसारखे रांगेने जाळ्यांतून आत जात होते. प्रत्यक्षात आत आली ती कबुतरं. लोकांनी जाळ्यांना पुठ्ठे लावले, एकेका घरात एसी बसले, आणि पहिल्याच मे महिन्यात इमारतीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. हा दुसरा उन्हाळा.

“प्रश्न चौथा,” विश्रामने वाचलं. तो बिल्डरच्या ऑफिसातून आला होता आणि त्याच्या शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. “उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा कोणत्या दिशेने येतो? उत्तर, उत्तर.”

कुणीतरी हसलं. ‘उत्तर उत्तर’ असं मागून एकाने हळूच म्हणून पाहिलं आणि मग चार-पाच जण हसले.

“माहिती देणार, तुळजाबाई. वय त्रेपन्न. व्यवसाय शेती.”

“म्हणजे कंप्युटर सोडून मावशींना विचारलं,” मागचाच आवाज म्हणाला. आता बरेच हसले.

तुळजाबाई, म्हणजे वैष्णवीची आत्या, खुर्चीवर बसली नव्हती. पार्किंगच्या उतारावर कठड्याला टेकून बसली होती. तिने पदर पुढे ओढला. तिचा भाऊ जनार्दन, वैष्णवीचे वडील, शेजारी उभे होते. ते मोबाइलकडे बघत राहिले, पण मोबाइलचा पडदा काळाच होता.

सोसायटीच्या अध्यक्ष उषाताई लातूरकडच्या, आयटीतल्या. हसण्यासारखं काय आहे, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि निषादला सरळ विचारलं, एवढी मोठी इमारत काय एका कागदावर उभी केली? निषाद चष्मा पुसत होता. वारा मोजणाऱ्या मीटरचे आकडेही जुळत होते, एवढंच तो म्हणाला, तेही चष्म्याला सांगितल्यासारखं.

मग विश्रामने पुढचं सांगितलं. दुरुस्तीचं बघता येईल, वरिष्ठांची तयारी आहे, पण आधी चूक कुठे झाली ते कागदावर यायला हवं. काही नाही, दोन ओळींचं निवेदन. ‘मी दिलेली माहिती चुकीची होती.’ उद्या संध्याकाळी सहाला तो येईल, मावशींनी सही केली की फाइल पुढे सरकेल. सही नसेल तर फाइल आहे तिथेच.

सगळ्यांच्या माना उताराकडे वळल्या.

“करंल की,” जनार्दन म्हणाले. “सही तर हाय. फाशी थोडीच हाय.”

“तुळजाबाई, चालेल ना?” उषाताईंनी विचारलं.

“चुकलं आसंल तर करते,” आत्या म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तरी वैष्णवीला बरं वाटलं असतं.

कारण वैष्णवी आज बोलणार होती. यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माइक दिसला की तिचे हात आपोआप पुढे व्हायचे. कुर्त्याच्या खिशात चार कार्डं होती, आत्याच्या बाजूने मुद्दे काढलेली. पहिलंच वाक्य तिने आरशासमोर दहादा म्हटलं होतं: माझ्या आत्याचा वारा कधी चुकलेला नाही. उषाताईंना तिने आधी सांगूनही ठेवलं होतं.

“वैष्णवी, तुला बोलायचं होतं ना?”

ती उठली. माइक घेतला. पंख्याचं तोंड तिच्याकडे वळलं, विश्रामच्या हातातला कागद उलटला, पुन्हा सुलटा झाला. त्या ‘उत्तर’पुढची बरोबरची खूण केवढी मोठी होती. चौकटीच्या बाहेर शेपूट गेलेली, पेन दाबून केलेली.

“काही नाही,” ती म्हणाली आणि खाली बसली.

*

तो दिवस तिला लख्ख आठवत होता, कारण त्या दिवशी तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘तुम्ही’ म्हटलं होतं.

नोव्हेंबर संपत आला होता. जमिनीचा व्यवहार होऊन गेला होता, बदल्यात तिथल्याच इमारतीत घर मिळणार होतं, आणि भात शेवटचंच होतं. कापलेल्या भाताचे भारे बांधावर थांबले होते आणि आत्या खळं सारवत होती, कोपरापर्यंत हात शेणात.

खळं कुठे करायचं ते भऱ्यापासून उरवड्यापर्यंतच्या गावांतले लोक तिला विचारायला यायचे. झोडलेलं भात सुपाने उंचावरून वारवताना वारा नीट मिळाला नाही तर दाणा आणि फोल वेगळं होत नाही, दिवसचा दिवस जातो. आत्या शेताच्या मधोमध उभी राहायची, मुठीतलं चिमूटभर तूस, भाताची टरफलं, बोटांतून सोडायची, ते कुठे जाऊन पडतंय ते बघायची आणि टाचेने खूण करायची. हितं. लग्नानंतर चार वर्षांत ती माहेरी परत आली होती. का, ते घरात कुणी बोलत नसे. पण खळ्याच्या दिवसांत मोठमोठ्या पागोट्यांची माणसं तिच्या टाचेकडे बघत उभी राहायची.

निषाद त्यालाच भुलला होता. तेव्हा तो नवाच होता, वर्ध्याहून पुण्याला आलेला, आणि स्थानिकांना विचारल्याशिवाय इमारत आखायची नाही असं त्याने ठरवलं होतं. आत्या सारवता सारवता बोलली, “वारं बोलवून येत न्हाई. वाट दिली की येतं.” त्याने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढे जाहिरातीच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ते छापून आलं, शुद्ध करून आणि आत्याच्या नावाशिवाय.

मग त्याला फोन आला. रेंजसाठी गाडीकडे जाता जाता त्याने फॉर्म वैष्णवीच्या हातात दिला. “तुमचं अक्षर छान असेल. मावशींना विचारून लिहाल का?”

लिहाल का! ती बांधावर मांडी घालून बसली, बाईंसारखा घसा साफ केला आणि एकेक प्रश्न खड्या आवाजात वाचू लागली. फॉर्मच्या वरच्या भागात जागेचा नकाशा होता आणि नकाशावर वर तोंड केलेला बाण. आदल्याच आठवड्यात भूगोलाच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. नकाशात वरची बाजू उत्तर, खालची बाजू दक्षिण, पाढ्यासारखं पाठ.

चौथ्या प्रश्नाला आत्याने मान वर केली नाही. हात शेणात, मग दाखवणार कशाने?

“वरनं येतो,” ती म्हणाली. “दिस कलला की वरनं.”

वर. वैष्णवीने बाणाकडे पाहिलं आणि खूण केली. पेन दाबून.

मुळशीत कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. वर म्हणजे घाट, वर म्हणजे धरण, ताम्हिणी, जिकडे सूर्य मावळतो ती बाजू. पाऊस वरनं येतो, नदी वरनं येते. खाली म्हणजे पुणं. वैष्णवी स्वतः घरात रोज तसंच बोलायची. बाबा कुठायत तर खाली गेलेत. तिला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. पण घरातलं वर आणि शाळेतलं वर ही दोन वेगळी होती, आणि हातात पेन असलं की शाळेतलंच आठवायचं.

फोन संपवून निषाद आला, फॉर्म बघितला, वा म्हणाला.

*

सभेनंतर दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आत्या जाळीसमोर फरशीवर बसली होती. तिच्या खोलीच्या जाळीला तिने पुठ्ठा लावू दिला नव्हता. राहायला आल्या दिवशी तिने एकदाच विचारलं होतं, जाळ्या ह्या अंगाला का? जनार्दन म्हणाले होते, तुला इंजिनेरापेक्षा जास्त कळतं का. त्यावर ती हसली होती. शिकलेली माणसं वारा वळवून आणत असतील.

आता तिच्यासमोर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलेलं होतं आणि ती सही गिरवत होती. ही सही वैष्णवीनेच तिला शिकवली होती, पाचवीत असताना, अंगठा बरा दिसत नाही म्हणून. तुळजाबाई. पानावर दहा-बारा तुळजाबाया एकीखाली एक उभ्या होत्या. ‘ळ’ सगळ्यांचा बिघडला होता.

“ह्यो वळतच न्हाई,” आत्या म्हणाली. “एकदा दाव बरं.”

वैष्णवी शेजारी बसली. घरात हवा अशी होती की सकाळच्या फोडणीचा वास अजून जिथल्या तिथे उभा होता. तिने आत्याचं बोट धरलं आणि ‘ळ’ काढून दाखवला, एक पोट, मग दुसरं पोट. आत्याने तो पुन्हा काढला. जमला.

“आत्या, तवा तू काय म्हनली हुतीस? वाऱ्याचं?”

“काय म्हनले आसन.” आत्याने पान सरळ केलं. “वारं तर येत न्हाई ना आता? मी रोज बसून बघते. येत न्हाई म्हंजी चुकलंच की.”

ती बघत होती ते वरच्या अंगाला. तिथे, आंधळ्या भिंतीच्या पलीकडे, गेल्या वर्षापासून बावीस मजल्यांचा सांगाडा उभा राहत होता. इमारतीतले लोक म्हणत होते तो वारा उत्तरेचा. आत्या वाट बघत होती तो घाटाकडचा. दोन्ही येत नव्हते. त्यामुळे चूक कुणाची यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं, आत्यासकट.

“वय झालं की मानसाला वारं वळखू येत न्हाई,” आत्या म्हणाली. “बरं झालं, खळी ऱ्हायली न्हाईत. न्हाई तर लोकांचं भात वाया गेलं आसतं माज्यापायी.”

वैष्णवीने तोंड उघडलं. शब्द तयार होते, स्पर्धेत कसे एकामागून एक यायचे तसे. पण आत्याने जमलेला ‘ळ’ तिला दाखवला आणि विचारलं, “आता बरा हाय का?”

“छान आहे,” वैष्णवी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला ती गच्चीवर गेली. जिन्याने गेली, लिफ्टने नाही. अठरा मजले चढताना ती मनात वाक्य जुळवत होती आणि प्रत्येक मजल्यावर ते मोडत होतं.

निषाद पाण्याच्या टाकीच्या सावलीत उकिडवा बसला होता. शेजारी तिवईवर वारा मोजायचं यंत्र, चार छोट्या वाट्यांचं. वाट्या फिरत नव्हत्या.

“सर, तो फॉर्म मी भरला होता.”

“माहितीये. छान भरला होतास.” आता तो तिला ‘तू’ म्हणत होता.

“आत्या ‘उत्तर’ म्हणालीच नव्हती.”

निषादने मान वळवली.

“ती ‘वरनं’ म्हणाली. मी नकाशा बघितला. नकाशात वर उत्तर असते, म्हणून मी उत्तर लिहिलं. पण आमच्यात वर म्हणजे...” तिने हात केला. हात सरळ त्या सांगाड्याकडे गेला, त्याच्या क्रेनकडे, आणि क्रेनच्या मागे जिथे घाटाच्या डोंगरांची नुसती धूसर कड दिसत होती तिकडे. “आमच्यात ते वर.”

तो उठला. कठड्यापाशी गेला आणि खाली वाकून पश्चिमेच्या भिंतीकडे बघत राहिला. अठरा मजले सलग, एकही भोक नसलेली, उन्हात पांढरी झालेली भिंत. वैष्णवीला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर तिला रडता आलं असतं.

“वाऱ्याच्या तोंडावर भिंत बांधली मी,” तो म्हणाला.

मग हळूहळू सांगत गेला. त्याने मीटर लावलं होतं ते डिसेंबरात, तीन आठवडे. डिसेंबरात हवा उत्तरेकडूनच येते. फॉर्ममध्येही उत्तर. दोन्ही जुळले म्हणून तो किती खूश झाला होता. उन्हाळा यायची वाट बघायला बिल्डर तयार नव्हता. आणि तो स्वतः इथे दर वेळी सकाळी यायचा, दुपारच्या आत परत. एक संध्याकाळ त्या बांधावर बसला असता तरी कळलं असतं.

“आता तिकडे खिडक्या काढल्या तर?” तिने विचारलं.

निषादने समोरच्या बावीस मजल्यांकडे पाहिलं.

गच्चीचं लोखंडी दार करकरलं. आत्या आली होती. लिफ्टला ती घाबरायची, पण आज लिफ्टने आली असावी, कारण एक हात अजून भिंतीला धरलेला होता. दुसऱ्या मुठीत काहीतरी होतं. निषादला बघून ती थबकली.

“सई कराच्या आदी एकदा बगावं म्हनलं,” ती म्हणाली. “खालनं काय कळत न्हाई.”

तिने मूठ किंचित उघडली. तूस होतं. दात घासायला ती अजून तूस जाळून राखुंडी करायची. भऱ्याच्या गिरणीतून पिशवी आणून ठेवलेली. गॅसवर ते जाळलं की सातव्या मजल्यापर्यंतच्या तक्रारी यायच्या.

वैष्णवी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. जुळवलेलं वाक्य एकही उरलं नव्हतं.

“आत्या, तू वरनंच म्हनली हुतीस. मी उत्तर लिवलं. तू चुकली न्हाईस, मी चुकले. काल मला कळलं आन् काल मी गप बसले.”

आत्या तिच्याकडे बघत राहिली. समजायला तिला वेळ लागला असं नव्हे. ती बघत होती ते त्या दिवशीच्या बांधाकडे, आणि बांधावर मांडी घालून बसलेल्या पोरीकडे, जिच्या हातात पहिल्यांदा कुणीतरी फॉर्म दिला होता.

“लिवताना इच्यारायचं व्हतं गं,” ती म्हणाली.

“मला वाटलं मला कळलं.”

“व्हय,” आत्या म्हणाली. “तसंच वाटतं.”

ती कठड्यापासून दूर, गच्चीच्या मधोमध गेली, शेतात उभी राहायची तशी. चपला काढल्या. काँक्रीट तापलेलं होतं. तिने पाय उचलले नाहीत. मूठ खांद्याच्या वर नेली, बोटं सैल केली.

तूस सरळ खाली पडलं. तिच्या पावलांवर.

तिने पुन्हा सोडलं. पुन्हा सरळ. निषाद टक लावून बघत होता, जणू त्या चिमटीवर त्याची पदवी ठरायची होती. आत्याने तिकडे, वर, पाहिलं. सांगाड्यावर कुणीतरी हिरवी जाळी बांधत होतं आणि मधूनमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. या वेळेला, दिवस कलता, तिथून वारा यायचा. तिच्या खळ्यावर यायचा. तिचं खळं बरोबर या गच्चीच्या खाली होतं, अठरा मजले आणि एक पार्किंग खाली.

तिसऱ्यांदा तूस पडता पडता अडखळलं. हलकंसं वाकलं आणि वैष्णवीच्या बाजूला येऊन सांडलं. निषादच्या यंत्राच्या वाट्या अर्धा वेढा फिरल्या आणि थांबल्या.

“त्या टॉवरच्या कडेनं वळून येतोय,” निषाद म्हणाला. “उत्तरेकडून. थोडासा.”

आत्याने पडलेल्या तुसाची रेघ बघितली. मग वैष्णवीकडे बघून ती हसली. अगदी थोडं, जसं कुणाला जागा देताना बाजूला सरकतात तसं.

“आता तुजंच खरं झालं, बाय.”

पुढचं तूस पुन्हा सरळ पडलं.

निषादने पिशवीतून विश्रामने पाठवलेलं निवेदन काढलं. त्यावर दोन ओळी छापलेल्या होत्या आणि खाली सहीसाठी रेघ. यावर सही करू नका, तो म्हणाला, मी सांगतो विश्रामला. आत्याने मान हलवली.

“सई करते. पर मी बोलले त्ये लिवा. मागल्या बाजूला लिवा.”

वैष्णवीने टाकीच्या झाकणावर कागद उलटा ठेवला आणि खिशातून निळा जेलपेन काढला.

“वारं वरनं येतं आसं मी म्हनलं व्हतं. येवढंच.”

“पुढे कंसात पश्चिम लिहू या का?” निषादने विचारलं. “त्यांना कळायला?”

“नगं,” आत्या म्हणाली. “ज्याला कळंना त्यानं इच्यारावं.”

वैष्णवीने लिहिलं. वरनं. ‘न’वर अनुस्वार द्यायच्या वेळी हात क्षणभर अडला. मग तिने ठिपका दिला, छोटा, नीट, जागच्या जागी. त्याखाली तिने आपलं लिहिलं: फॉर्ममध्ये ‘उत्तर’ हे मी माझ्या मनाने लिहिलं. तेव्हा मी सहावीत होते. ‘सहावीत होते’ खोडावं असं तिला वाटलं, आणि तिने ते खोडलं. निषादने पेन मागून घेतला आणि तिच्याखाली, डॉक्टरांसारख्या अक्षरात, डिसेंबरच्या मोजणीचं आणि न बघितलेल्या संध्याकाळचं लिहिलं.

“विश्राम हा कागद घेणार नाही,” तो म्हणाला. “फाइल अडकेल. लोक तुमच्यावरच चिडतील, मावशी. यांच्या बाबांवरही.” त्याने वैष्णवीकडे बोट केलं.

जनार्दन काय म्हणतील ते वैष्णवीला आत्ताच ऐकू येत होतं. लिफ्टमधलं कुजबुजणंही.

“न घेऊ दे,” आत्या म्हणाली. “लिवलेलं तर ऱ्हाईल.”

ती झाकणावर वाकली आणि सही करू लागली. तु. एक श्वास. ल्‍ नव्हे, ळ. एक पोट, मग दुसरं पोट. जा. बाई. पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. खाली पार्किंगमध्ये गाडीचं दार लागलं. सहा वाजत आले असावेत.

शाई ओली होती, निळी, चकाकत. घडी घातली तर पुसली असती. आत्याने कागद दोन्ही हातांनी उचलला आणि सवयीने वरच्या अंगाला, घाटाकडे तोंड करून, समोर धरला. कागद तिच्या हातात तसाच ताठ उभा राहिला.

थोडा वेळ वाट बघून वैष्णवी पुढे झाली, वाकली आणि सहीवर हळूच फुंकर घातली.